डिलिव्हरी मॅनेजर की सोल्यूशन आर्किटेक्ट? दोन्ही कामं करून झाल्यावर

तान्ह्या पोळ्याला भाची घरी आली होती. तिला नऊ वर्षांचा अनुभव आहे. कंपनी पुण्याची, काम वर्ध्याच्या घरून. पोरांचे लाकडी नंदी फिरून आले, जेवणं झाली, मग तिनं विषय काढला. "मामा, कंपनीनं दोन पदं समोर ठेवली. डिलिव्हरी मॅनेजर होऊ का सोल्यूशन आर्किटेक्ट? पैशात फरक नाही."

तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो. आर्वी, हिंगणघाट, वणीकडच्या बऱ्याच जणांनी गेल्या दोन-तीन वर्षांत मला हेच विचारलं आहे. २०२० मध्ये गावी परतलेली आणि मग इथूनच काम करत राहिलेली ही मंडळी. आता नोकरीला आठ-दहा वर्षं झाली, आणि नुसतं कोड लिहू द्यायला कंपनी तयार नाही.

मी तीन वर्षं डिलिव्हरी मॅनेजर होतो. त्यानंतर आर्किटेक्ट झालो, तो आजवर. माझा कल कुठं आहे ते वाचताना कळेलच, तेवढं वजा करून वाचावं. जाहिरातीतली कामांची यादी इथं परत देत नाही. थोडक्यात, डिलिव्हरी मॅनेजर टीम सांभाळून ठरल्या तारखेला काम पोचवतो, आणि सोल्यूशन आर्किटेक्ट ते सॉफ्टवेअर कसं बांधायचं याचा आराखडा ठरवतो.

आधी मॅनेजरच्या बाजूनं बोलतो, कारण आमच्या क्षेत्रात त्या कामाला उगाच नावं ठेवली जातात. माणूस घडताना पाहण्याचं जे समाधान मला तिथं मिळालं, ते पुढं कुठं मिळालं नाही. टीममध्ये बुलडाण्याकडची एक मुलगी होती. काम चोख, पण इंग्रजीच्या धाकानं मीटिंगमध्ये तोंड उघडत नसे. दर आठवड्याला अर्धा तास तिच्याशी मराठीत बोलायचो. तिचं म्हणणं आधी तिच्याकडूनच लिहून घ्यायचो आणि मग क्लायंटपुढं तिलाच बोलायला सांगायचो. दीड वर्षात ती एक अख्खं मॉड्यूल एकटीनं सांभाळू लागली. कामाची वाटणी, सुट्टी, पगारवाढीची शिफारस हे सगळं माझ्या हातात होतं, म्हणून ते जमलं. आर्किटेक्टच्या हातात यातलं काहीच नसतं. शिवाय मॅनेजरची पुढची पायरी ठरलेली असते आणि घरच्यांनाही हे काम लगेच समजतं. हाताखाली वीस माणसं आहेत म्हटलं की आईला कळत होतं. हाताखाली कोणी नाही, पण वीस माणसं काय बांधणार ते मी ठरवतो, हे सांगायला मला वेळ लागला.

हे सगळं असून मी ते काम सोडलं, ते एका गोष्टीपायी. ती गोष्ट म्हणजे तारीख.

मॅनेजर प्रकल्पावर येतो तेव्हा तारीख देऊन झालेली असते. ती विक्रीच्या माणसानं दिलेली असते, एस्टिमेट, म्हणजे वेळ-खर्चाचा अंदाज, करणाऱ्यानं दिलेली असते, आणि मुळात आराखडा ज्यानं ठरवला त्यानं दिलेली असते. आराखड्यात काही सुटलं असेल तर ते त्या तारखेच्या पोटात दडलेलं असतं. मॅनेजरकडं येते ती फक्त तारखेची जागली. रानडुकरं येऊ नयेत म्हणून रात्री वावरात माचाणावर बसावं, तसं. पेरणी कोणी केली, काय पेरलं, जमीन त्या पिकाची होती का, हे विचारायची वेळ निघून गेलेली असते.

२०१८ चा हंगाम मी विसरू शकत नाही. एका जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून गाठी बांधायच्या) व्यवसायासाठी आम्ही कापूस खरेदीची प्रणाली करत होतो. गाडी काट्यावर आली की भरलेलं वजन. मग ग्रेडर ओलावा आणि प्रत पाहून भाव सांगणार. गाडी खाली झाली की रिकामं वजन, आणि त्यानंतर पावती. दोन वजनांमध्ये एरवी तासभर जातो, गर्दीच्या दिवसांत चार-पाच तासही जातात. आराखडा असा होता की प्रत्येक नोंद इंटरनेटवरून थेट क्लाउडवरच्या, म्हणजे दूर कुठंतरी असलेल्या, सर्व्हरकडं जाईल आणि तिकडून उत्तर आलं तरच पुढची स्क्रीन उघडेल. कागदावर हे चांगलंच दिसत होतं. सगळा हिशोब एका जागी, खोट्या पावतीला वाव नाही.

पहिल्याच बैठकीत मी विचारलं होतं, "काट्यावर नेट नसलं तर?" उत्तर आलं की ते स्कोपमध्ये, म्हणजे ठरलेल्या कामात, नाही, क्लायंट दोन कंपन्यांची सिमकार्डं ठेवणार आहे. मी समुद्रपूर तालुक्यातल्या खेड्यातला. आमच्याकडं दोन्ही कंपन्यांचे अँटेना एकाच टॉवरवर बसवलेले असतात. लाइन गेली, टॉवरची बॅटरी उतरली, की दोन्ही सिमं एकदमच बंद. हे मला माहीत होतं. तरी मी पुढं रेटलं नाही, कारण तो विषय माझा नव्हता. मला तारीख दिली होती आणि ती दसऱ्याची होती.

तारीख आम्ही पाळली. स्टेटसचा तक्ता वरपासून खालपर्यंत हिरवा होता, म्हणजे सगळं वेळेवर. दिवाळीनंतर एका रात्री साडेआठला काकाजींचा फोन आला. "बापू, दुपारपासून लायनीत आहो. पावती काहून निघून नाही राहिली?"

नागपूरहून निघालो. जामच्या चौरस्त्यावरून आत वळून केंद्रावर पोचलो तेव्हा ट्रॅक्टर आणि मेटॅडोरची रांग रस्त्यापर्यंत आली होती. त्यातल्या कितीतरी गाड्या भरलेलं वजन देऊन खालीही झाल्या होत्या, आणि सिस्टिम त्यांचं रिकामं वजन घेत नव्हती. म्हणजे कास्तकाराचा कापूस गंजीत मिसळून गेलेला आणि हातात कागद नाही. काट्यावरच्या मुलानं हुशारी केली होती. त्यानं वहीत प्रत्येक गाडीचे आकडे लिहून समोरच्याची सही घेतली होती. त्या रात्री लोक घरी जाऊ शकले ते त्या वहीमुळं. काकाजी मला काही बोलले नाहीत. सही केली आणि ट्रॅक्टरवर बसले. मला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर मला वरून विचारलं गेलं, "कधी होईल?" तोच प्रश्न मी टीमला विचारला. वरून आणखी चार माणसं दिली गेली. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवलं आहे. नव्यांना समजावण्यात जुन्यांचे दिवस जातात, आमचेही गेले. खरं उत्तर माणसांत नव्हतं आणि दिवसांतही नव्हतं. नोंद आधी काट्यावरच्या संगणकातच साठवायची, पावती तिथंच छापायची, नेट आलं की वर पाठवायची. प्रत्येक केंद्राला पावती क्रमांकांचा स्वतःचा पट्टा द्यायचा, म्हणजे दोन केंद्रांवर एकच क्रमांक निघणार नाही. आणि एखादी नोंद दोनदा वर गेली तरी सर्व्हरनं ती एकदाच धरायची. सुरुवातीला हे ठरलं असतं तर माझ्या अंदाजानं तीन आठवडे वाढले असते. हंगामाच्या मध्यात करायला घेतलं तेव्हा अडीच महिने लागले. तोवर वही चालली.

मॅनेजर म्हणून माझ्या वाट्याला "कधी होईल?" एवढाच प्रश्न उरला होता. "हे असं का ठरलं?" हा दुसऱ्या कोणाचा होता. मला ते सहन होईना. अनेकांना होतं, आणि त्यांच्यात माझ्याहून कितीतरी चांगले मॅनेजर आहेत. तुम्हाला हा त्रास जाणवत नसेल तर पुढचं सगळं थोडं सैल धरून वाचलं तरी चालेल.

आर्किटेक्टच्या बाजूला काय दिसतं

या कामाचा गाभा चित्रं काढणं आहे असं बाहेरून वाटतं. माझ्या अनुभवात तो गाभा म्हणजे तारीख पडायच्या आधी योग्य माणसाला योग्य प्रश्न त्याच्या भाषेत विचारणं. काट्याचंच घ्या. नेटवर्क तुटलं असताना सगळीकडं एकच खरी माहिती आणि सगळीकडं चालू सेवा, ही दोन्ही आश्वासनं एकदम पाळता येत नाहीत. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी हे २००० साली मांडलं आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलं. जिनिंगच्या मालकाला यातलं काही सांगायची गरज नसते. त्याला एवढंच विचारायचं, "नेट गेल्यावर पावती थांबवायची, की पावती देऊन हिशोब नंतर जुळवायचा?" तो दोन मिनिटांत उत्तर देतो. बाहेर ट्रॅक्टर उभे ठेवणं त्याला परवडत नाही, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. २०१८ मध्ये त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं.

असेच आणखी प्रश्न असतात. क्लायंट म्हणतो, सिस्टिम कायम चालू पाहिजे. कायम म्हणजे किती? ९९.९ टक्के म्हटलं तर वर्षाला जवळपास पावणेनऊ तास बंद राहिली तरी चालतं. ९९.९९ म्हटलं तर जेमतेम ५२ मिनिटं. आमच्या गावात मे महिन्यातल्या एका वादळात लाइन जाते ती पावणेनऊ तासांत परत आली तरी लोक समाधान मानतात. त्यामुळं हा फरक मला पोटातून कळतो. त्या एका जास्तीच्या नऊसाठी सर्व्हर दुप्पट, देखरेख चोवीस तास आणि बिल त्याच मापानं. मग दुसरा प्रश्न: बिघाड झाला तर शेवटच्या किती मिनिटांच्या नोंदी गेलेल्या चालतील? दहा मिनिटं म्हणणारा क्लायंट, "म्हणजे अमुक इतक्या पावत्या" असं सांगितलं की गप्प होतो आणि पुन्हा विचार करतो.

यातली उत्तरं काळाबरोबर बदलतात, म्हणून डोळे उघडे ठेवावे लागतात. ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबईचं केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं आणि हैदराबादचं २०२२ मध्ये. मधल्या सहा वर्षांत त्या क्लाउडवरच्या डेटाची दुसरी प्रत देशातच, पण दुसऱ्या शहरातल्या त्यांच्याच केंद्रात ठेवायची म्हटलं तर सोय नव्हती. तेव्हा मी सुचवलेले दोन आराखडे आज मी तसे सुचवणार नाही.

आणि निर्णय लिहून ठेवायचे. सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली एका पानाची साधी पद्धत मी वापरतो: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय. दोन वर्षांनी कोणी "हे असं का?" विचारलं की ते पान पुढं करता येतं. ज्या प्रश्नासाठी मी एकेकाळी तडफडलो, तो आता माझ्याच कामाचा भाग आहे. या एका गोष्टीसाठी मी हे पद पुन्हा घेईन.

त्याचे काटे

पहिला आणि सगळ्यात टोचणारा: अधिकार नसतो. तुमचा आराखडा मान्य होतो, आणि टीम घाईत त्याला वळसा घालून जाते. तुम्ही कोणाची सुट्टी अडवू शकत नाही, कोणाचं मूल्यमापन करत नाही. पटवून देण्याखेरीज हातात काही नसतं. चांगला मॅनेजर पाठीशी असेल तर हे सोपं जातं, नसेल तर आराखडा फाइलमध्येच राहतो.

दुसरा: चुकीचं फळ उशिरा येतं. एका प्रकल्पात मी सहा जणांच्या टीमसाठी अकरा वेगळ्या सेवा, म्हणजे सिस्टिमचे स्वतंत्र चालणारे अकरा भाग, आखल्या. तेव्हा तेच योग्य वाटलं होतं. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये म्हटलं होतं की सिस्टिमची रचना ती बांधणाऱ्या लोकांच्या आपसातल्या संवादासारखी होते. एका खोलीत बसणाऱ्या सहा जणांवर मी अकरा घरांचा कारभार लादला. वर्षभरानं आम्ही त्या सेवा तीनवर आणल्या. त्या वर्षात टीमनं जे रात्रीचे तास घातले ते माझ्या चित्रामुळं घातले, याची जाणीव मला अजून आहे. मॅनेजरची चूक त्याच आठवड्यात समोर येते, माफी मागून दुरुस्त करता येते. आर्किटेक्टची चूक दुसऱ्याच्या आयुष्यातला वेळ खाऊन मग दिसते.

तिसरा: प्रस्तावांची कामं. निविदेची मुदत शुक्रवारी, आणि बुधवारी रात्री तुमच्याकडं कागद येतात. आकडा तुमच्याच सहीनं जाणार असतो. मॅनेजर असताना जी तारीख दुसऱ्यानं दिली म्हणून मी चिडायचो, ती आता मीच देतो. म्हणून हल्ली प्रत्येक एस्टिमेटखाली काय गृहीत धरलं आहे ते मोठ्या अक्षरांत लिहितो. नेटवर्कची ओळ सगळ्यात वर असते.

कोडवरचा हात हळूहळू जातो, हा चौथा. आठवड्यातला एक दिवस मी काहीतरी चालवून बघण्यासाठी राखतो. तो दिवस सुटत गेला की नुसता स्लाइडवाला आर्किटेक्ट होतो आणि टीमला ते लगेच कळतं.

गावातून काम करताना

हे शहरातल्या वाचकाला बारीकसारीक वाटेल, पण इथल्यांसाठी महत्त्वाचं आहे. मॅनेजरचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासांनी कापलेला असतो. मी कधी मोजलं नाही, पण दिवसाला नऊ-दहा कॉल तरी असायचे, आणि प्रत्येकात हजर असणं हेच काम होतं. लाइन गेली, इन्व्हर्टर उतरला, की दोन कॉल चुकायचे आणि संध्याकाळी तिघांना कारणं द्यावी लागायची. आर्किटेक्टच्या दिवसात सलग दोन-तीन तास मिळतात. लाइन गेली तर मी वही घेऊन अंगणातल्या लिंबाखाली बसतो आणि कागदावर चौकोन काढतो. काम थांबत नाही.

याच्या उलटही एक बाब आहे. आर्किटेक्टला सगळं घरून करता येत नाही. नव्या प्रकल्पाच्या सुरुवातीला क्लायंटच्या जागेवर जाऊन बसावंच लागतं. गोदामात, काट्यावर, बिलिंगच्या खिडकीमागं. तिथले लोक काय करतात हे कॉलवर कळत नाही. ती वही मला कॉलवर कधीच दिसली नसती. दर तिमाहीत मी साधारण दोन आठवडे बाहेर असतो. मुंबईचं काम असलं तर वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेस. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर हे आधी घरात बोलून घ्यावं. मॅनेजरला असा प्रवास कमी पडतो, निदान मला पडला.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. मॅनेजरच्या वाटेवर पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) हे प्रमाणपत्र विचारतात. त्यासाठी ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं आणि ते टिकवायला दर तीन वर्षांत ६० गुण मिळवावे लागतात. आर्किटेक्टच्या वाटेवर ॲमेझॉनच्या क्लाउडची असोसिएट पातळीची आर्किटेक्ट परीक्षा बहुतेक जण आधी देतात: ६५ प्रश्न, १३० मिनिटं, वैधता तीन वर्षं. दोन्हींतून शब्द आणि चौकट मिळते, निर्णयाची सवय मिळत नाही. ॲमेझॉनची परीक्षा घरबसल्याही देता येते, पण गावातून तो धोका पत्करू नये. मध्येच लाइन गेली तर आठवड्यांची तयारी अडकते. मी नागपूरला केंद्रावर जाऊन दिली.

भाचीला मी थेट "हेच घे" असं म्हटलं नाही. तिला माणसांची ओढ माझ्यापेक्षा जास्त आहे, आणि तिच्या हाताखालची मुलं नशीबवान ठरतील याची मला खात्री आहे. एवढंच म्हणालो की कंपनीला दोन गोष्टी विचार. एक, तुमच्याकडं आर्किटेक्ट एस्टिमेटच्या आधी येतो की नंतर? नंतर येत असेल तर ते पद नावापुरतं आहे, मग मॅनेजर झालेलं बरं. दोन, आर्किटेक्टनं "हे या तारखेत होणार नाही" असं म्हटलं आणि तारीख बदलली, असं गेल्या वर्षभरात एकदा तरी घडलं का? घडलं असेल तर कोणत्या प्रकल्पात, ते नावासकट विचार.

चार दिवसांनी तिचा फोन आला. पहिल्याचं उत्तर "आधी" असं मिळालं. दुसऱ्याला तिच्या वरिष्ठांनी जरा वेळ घेतला आणि दोन प्रकल्पांची नावं सांगितली. "मामा, मग काय करू?"

मी म्हटलं, मी तुझ्या जागी असतो तर आर्किटेक्ट झालो असतो. बाकी तू ठरव.

तिला उत्तर द्यायला महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. दसऱ्यानंतर काटे सुरू झाले की मी दोन दिवस केंद्रावर जाऊन बसतो, ती सोबत येते म्हणाली. त्या मुलानं ती वही अजून जपून ठेवली आहे. तिला ती बघायची आहे.